एका मताने पडलेल्या बाईची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा खुर्च्यांना गाद्या बसवण्याचा, ही वाटणी स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा दाखला त्यांनी दिला नाही. मीही मागितला नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात दिराबद्दल फारच चांगले लिहिले गेले होते.

१. राहत्या दोन खोल्या आणि पुढचे दुकान सुनेला. मुलगा माझा असला तरी घर तिने सांभाळले. मुलाने तिथे नीट वागून राहावे.

याला एक अट आहे. उद्या आमच्या अँग्लिकन चर्चच्या प्रांतसभेची निवडणूक आहे. पाद्री नसलेल्या, तुमच्याआमच्यासारख्या माणसांतून आमच्या भागातून एकच प्रतिनिधी जातो. सून उभी आहे. समोर माझे धाकटे दीर, घड्याळे दुरुस्त करणारे, बावीस वर्षे त्या जागेला चिकटलेले. सुनेने मतपत्रिकेवर स्वतःच्या नावापुढे "१" लिहावा. "आई, स्वतःलाच मत द्यायचं? लाज वाटते हो," असे ती म्हणते, म्हणून हे लेखी. मतदान गुप्त असते हे मला कळते. पुरावा नको, सोमवारी माझ्या डोळ्यांत बघून चहा द्यावा, तेवढे पुरे. असली अट चालते का, हे वकिलीणबाईंना विचारले. त्या नुसत्या हसल्या.

२. अटीचे कारण. बावीस वर्षांपूर्वी मीच उभी होते, समोर हेच दीर. सभा भरते मंगळवारी सकाळी अकराला. दुकान, दवाखाना, शाळा सोडून कोण जाणार? ती शनिवारी भरवा, एवढेच मला तिथे उभे राहून सांगायचे होते. पण मतदानाआधी पाळकांनी नम्रतेवर तासभर उपदेश केला. मी विरघळले आणि "१" लिहिला दिरांच्या नावापुढे. निकाल लागला : त्यांना एकवीस, मला वीस. स्वतःला मत दिले असते तर आकडे उलटे झाले असते. या माणसाने स्वतःलाच मत दिले, आणि सभेत जाऊन बावीस वर्षांत तोंड उघडले ते एकदा : "खिडकी लावा, वारा येतो." हे मी विसरलेले नाही. सून दवाखान्यात परिचारिका आहे, तिला बोलता येते. तिने जावे, ही माझी शेवटची इच्छा आहे आणि पहिलीही.

३. बाकदार सुया, हातोडी आणि मोठी कात्री सुनेलाच. मुलाने त्या कात्रीने कागद कापू नयेत.

४. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या चाळीस उशा मी शिवल्या. कोण खरोखर टेकतो आणि कोण पुढे वाकून नुसते डोळे मिटतो, हे उशी सांगते. ती यादी टेबलाच्या खणात आहे, पाळकांना द्यावी. जाहीर वाचू नये. वाचली तर माझी हरकत नाही.

५. दिरांना काहीही नाही. माझ्या नवऱ्याची, म्हणजे त्यांच्या भावाची, हातांची खुर्ची ते दर भेटीला मागतात. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकिलीणबाई म्हणाल्या. म्हणून साक्षीला मुद्दाम त्यांनाच बोलावले आहे.

पुढचे नंतर लिहिलेले.

दीर पाचला आले. नुसती सही करायची, तर डोळ्याला भिंग लावून वाचत बसले. दुसऱ्या कलमावर थांबले.

"वहिनी, तुम्ही मला मत दिलं होतं?"

"मग! आणि तुम्ही स्वतःला."

"मी? मी तुम्हाला दिलं होतं. उपदेश मीही ऐकलाच होता की."

"मग बावीस वर्षं बोलला का नाहीत?"

"मतदान गुप्त असतं, वहिनी."

मी कागदावर हिशेब मांडला. दोघांनीही स्वतःलाच मत दिले असते तरी एकवीस आणि वीसच झाले असते. इतक्या वर्षांचा राग फुकट गेला. मला हसू आले आणि रडूही.

"आणि उद्या?" मी विचारले.

"सूनबाईलाच देणार. अर्ज पाळकांनीच भरून आणला, मला नाही म्हणता येईना. मंगळवारी मलाही जमत नाही हो, दुकान बंद ठेवावं लागतं."

म्हणून कलम पाच रद्द. खुर्ची दिरांना. नवी गादी मी येत्या आठवड्यात बसवून देईन, नंतर जमायचे नाही. त्यांना वस्तू मिळत असल्याने साक्षीदार म्हणून त्यांचे नाव खोडले आहे.

सुनेची अट मात्र कायम. नम्रता या घरात एकदा झाली, तेवढी पुरे.

साक्षीदार :
~~घड्याळवाले दीर~~ (खोडल्याबद्दल सही घेतली; हसत केली.)
समोरचे औषधवाले. सही.
वकिलीणबाई. सही.

लिहून देणार : गादीवाली. सही.
ठिकाण : माझ्याच दुकानात, त्याच खुर्चीत बसून.
दिनांक : शनिवार, १४ ऑक्टोबर. सभा याच वारी भरायला हवी होती.