थंड पाण्याचा भरवसा

पंपघर,
८ फेब्रुवारी

चि. पाणकावळ्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

वहिनीची कंबर कशी आहे? मंगळवारी आमचा मोठा पंप घशात घास अडकल्यासारखा खोकायला लागला. त्याच्या तोंडावरची जाळी वर काढली तर लोखंड दिसेना. नखाएवढे शिंपले, एकावर एक चिकटलेले. खरवडताना माझी बोटं कापली. निम्म्या शहराला पाणी नव्हतं आणि फोनवर लोकांनी माझा यथेच्छ उद्धार केला. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणाल्या, हे शिंपले इथले नव्हेत, उपरे आहेत. तुझा तलाव आमच्या वर. त्यांना धारेविरुद्ध चढता येत नाही, पण बोटीतून येतात. तुझ्या धक्क्याचे खांब एकदा बघ.

उत्तर लगेच टाक, आळस नको.
तुझी ताई


बोटघर,
१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कंबर ठीक, बोलणं त्याहून ठीक. तू चार वर्षांनी मोठी, तेव्हा घाबरण्याचा पहिला मान तुझा. अगं, आमचं पाणी म्हणजे बर्फ. शिंपले आलेच तर आधी स्वेटर मागतील! खांब बघून काय करू? यंदा मात्र मजा आहे, परवा मी चक्क पोहून आलो. मेमधल्या शर्यतीसाठी दोन बोटी रंगवतोय. त्या तुमच्याच तलावावरून ऑक्टोबरात आणल्या होत्या.

बोटांना मलम लाव.
तुझा धाकटा


पंपघर,
२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

फेब्रुवारीत पोहलास? लहानपणी याच महिन्यात पैजेने त्या पाण्यात पाय बुडवायचो आणि दहा आकडे व्हायच्या आत तू भोकाड पसरायचास. आठव जरा. बाईंनी समजावलं, पाणी गार असलं की यांची वीण सुरूच होत नाही. आता हिवाळे उबदार झाले, पाणी लवकर तापतं, वीण लवकर सुरू होते आणि जास्त दिवस चालते. ज्या थंडीच्या भरवशावर तू निवांत आहेस, ती राखण सोडून गेली बाबा! पिल्लं डोळ्यांना दिसतही नाहीत. बोटीच्या तळात पेलाभर पाणी राहिलं तरी त्यांचा प्रवास होतो. त्या दोन बोटींचे तळ सुकवले होतेस का? खरं सांग. आधी ऐकून घेईन, मग रागवीन.

तुझी ताई


बोटघर,
२ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तळ सुकवले नव्हते.

पत्र वाचून तडक धक्क्याखाली उतरलो. खांबाला हात लावला तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं. मोहरीएवढे शिंपले. वर येऊन तासभर नुसता बसलो. कुणी पाहिलं नव्हतं. शर्यतीला तीस बोटी येणार होत्या, आणि इथलं पाणी घेऊन तीस ठिकाणी परतणार होत्या. ते मनात आलं आणि उठलो. तलावाच्या कार्यालयात जाऊन सगळं सांगितलं. शर्यत रद्द झाली. बारा वर्षांपूर्वी मीच ठोकलेला धक्का मी आणि हिने उखडून काठावर उन्हात टाकला. सगळ्या बोटी कढत पाण्याने धुतल्या. शेजारचे बोटवाले मला पाहून तोंड फिरवतात. चूक माझीच, त्यांना काय म्हणू?

आता खुशाल रागव.
तुझा धाकटा


बोटघर,
१४ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावण्याऐवजी तू स्वतः पाणबुड्यांची टोळी घेऊन आलीस, त्याला काय म्हणावं! परवा त्यांची तिसरी तपासणी झाली. बाकी कुठल्याच धक्क्यावर काही नाही. बाई म्हणाल्या, दोन वर्षं लक्ष ठेवायचंच, पण वेळेवर पकडलंत. तुमच्या जाळ्या आता आलटून पालटून स्वच्छ होतात हेही बरं झालं.

इथे धुऊन, सुकवून आणल्याशिवाय बोट पाण्यात जात नाही. धुण्याची नळी माझ्या हातात. मागच्या आठवड्यात सासरेबुवा बोट घेऊन आले. तळात पाणी. मी नाही म्हणालो. ते लालबुंद! तेवढ्यात ही घरातून आली. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तर हिने बापालाच बजावलं की पाच दिवस सुकवा, मग या. त्यांचं आमच्याशी बोलणं बंद झालं. काल आठ दिवसांनी आले, बोट खडखडीत कोरडी. तळावरून हात फिरवून दाखवला. मग माझ्या हातातली नळी काढून घेतली आणि मागच्या बोटवाल्याला दरडावून विचारलं, तळ कुठे सुकवलाय?

बोटी सुकव, लोभ सुकवू नकोस.
तुझा पाणकावळा