जुन्या डिस्कचे नवे कप्पे

मंगळवार, २३ सप्टेंबर
दुपारी, दुकानातून

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं इकडे बरे आहोत. तुम्ही दोघीही बऱ्या असाल असं धरून चालतो. भिंगरीचा खोकला गेला का? शाळेत दंगा करते म्हणून बाईंनी तुला बोलावून घेतलं होतं, तर तिला फार रागावू नकोस. एका जागी गप्प बसणारी नात घेऊन मला काय करायचंय?

फोन असताना हा म्हातारा पत्र कशाला लिहीत बसला, असं तुला वाटेल. आपलं फोनवरचं बोलणं ठरलेलं आहे. मी विचारतो, जेवलात का? तू म्हणतेस, हो बाबा. मी म्हणतो, जपून राहा, आणि फोन आईच्या, तुझ्या सासूच्या, हातात जातो. ती हवापाणी विचारते. खरं बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून आज दुकानात बसून लिहितोय. समोर पंपाची एक मोटर उघडून पडली आहे, वाइंडिंग पार जळालंय, गिऱ्हाईक दोनदा चकरा मारून गेलं. हात लावावासा वाटत नाही. कधीकाळी याच दुकानात झाडू मारायला लागलो, मग तार गुंडाळायला शिकलो, मग दुकानच घेतलं, आणि एवढ्या वर्षांत कामाचा आळस कधी केला नाही. हल्ली मात्र काम अवघड नसतं, सुरू करणंच जड जातं.

असो. तू मागितलेल्या फिल्मची हकीकत सांगतो.

भिंगरीने तुला विचारलं, माझे बाबा बोलायचे कसे, आणि तुला काही सांगता येईना. हे तू फोनवर सांगितलंस त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. त्याने काढलेले सगळे तुकडे आपल्या कॉम्प्युटरवर आहेतच. तिची आंघोळ, तिचं रांगणं, डाळ-भात तोंडाला फासून घेणं. तो स्वतः फारसा दिसत नाही, कारण कॅमेरा त्याच्याच हातात, पण आवाज सगळीकडे त्याचा. तुझं म्हणणं मला पटलं, की असे सुटे तुकडे पोरीला दाखवण्यापेक्षा सगळे जोडून एक सलग फिल्म करावी. मला वाटलं, यात काय आहे? दोन तारा जोडतो तसं जोडायचं.

तर जोडायला गेलं की कॉम्प्युटर अर्ध्यात थांबायचा आणि म्हणायचा, जागा नाही. शेवटी त्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. गल्लीत त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण बॅग घेऊन येतो आणि दारातूनच विचारतो, "काय होतंय?"

त्याने बघितलं आणि म्हणाला, "काका, डिस्क अर्धी रिकामी आहे."

"मग हा खोटं बोलतो का?"

"खोटं नाही हो. फाइली ठेवायची ही जुनी पद्धत आहे, फॅट म्हणतात हिला. सुटे तुकडे हवे तेवढे घेते. पण एकच फाइल ठरावीक मापाच्या वर गेली, की घेत नाही. तुमची फिल्म त्या मापाच्या वर जातेय."

तुझी सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "नाव फॅट, आणि पोटात एक घास मावत नाही?"

डॉक्टर हसला. आपल्या घरात कोणी हसल्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

उपाय दोन होते. एक, डिस्क पुसून नव्या पद्धतीने तयार करायची. "पुसायचं नाव काढू नका," आई म्हणाली. दुसरा उपाय, आहे तीच डिस्क आहे त्या सामानासकट नव्या पद्धतीवर न्यायची. "कपाट तेच, कपडे तेच, फक्त आतले कप्पे बदलायचे," असं डॉक्टरने समजावलं. "पण दोन गोष्टी आधीच सांगतो. एकदा बदललं की जुन्यावर परत येता येत नाही. आणि काम चालू असताना वीज गेली, तर मला बोल लावायचा नाही. म्हणून आधी नक्कल काढू. कॉम्प्युटरचा डबा मी दुकानात नेतो, उद्या आणून देतो."

आईने डब्यावर हात ठेवला. "हा घराबाहेर जाणार नाही."

"काकू, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"त्याला तपासायला नेलं तेव्हाही दवाखान्यात असंच म्हणाले होते, उद्या घरी पाठवतो."

डॉक्टर बिचारा बॅगेचा पट्टा खांद्यावर चढवत राहिला. रविवारी स्वतःची डिस्क घेऊन घरी आला, तर आपल्या जुन्या कॉम्प्युटरने ती ओळखलीच नाही. तासभर खटपट केली, काही उपयोग झाला नाही. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट विचारली. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे कॅसेट एकच होती. तो प्रत्येक तुकडा कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि पुन्हा तिच्यावरच काढायचा. तेव्हा आम्ही त्याला म्हणायचो, किती काटकसरी पोरगा आहे.

म्हणजे नक्कल कुठेच नाही. जे आहे ते त्या डब्यात. डॉक्टरने गुरुवारचा दिवस दिला, आणि जे व्हायचं ते होऊ दे, असं मी ठरवलं.

काल दुपारी चहाला घरी गेलो, तर दार लोटलेलं, आणि आत आई कोणाशी तरी बोलत होती. बाहेर कोणाच्या चपला नव्हत्या. मी फटीतून पाहिलं. तिने पाटावर पाट ठेवून त्याचा कॅमेरा कॉम्प्युटरसमोर उभा केला होता आणि एकेक तुकडा लावून पडद्याचंच शूटिंग घेत होती. डिस्क गेली तर हातात काहीतरी राहावं म्हणून. कॅमेऱ्याचं बटण तिला कोणी शिकवलं, देव जाणे. आणि शूटिंग चालू असताना ती बोलत होती.

काय बोलत होती ते लिहिणार होतो, पण मोटरवाला तिसऱ्यांदा आलाय, आणि यावेळी बायकोला घेऊन आलाय.


गुरुवार, २५ सप्टेंबर
संध्याकाळी, घरी

आज काम झालं.

डॉक्टरने सकाळी सुरू केलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या. आई खुर्ची ओढून बसली. मग एक आकडा आला आणि पुढे सरकायला लागला, आणि मग सरकेनासा झाला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. डॉक्टर आधी टाइमपास गप्पा मारत होता, तो गप्प झाला, तेव्हा मला काळजी वाटली.

"अडकला का हो?" आईने विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "अडकल्यासारखं वाटतंय. बंद करून बघू का?"

मी म्हटलं, हात लावू नकोस. डब्याला कान लावला. माझं सगळं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलंय. बेअरिंग गेलेली मोटर मी रस्त्यावरून जाताना सांगतो. आतून बारीक कुरकुर येत होती, एका लयीत. ओझं वाहून नेणाऱ्या माणसाच्या श्वासासारखी. दमलेली, पण थांबलेली नाही. "चालू आहे," मी म्हटलं, "त्याला त्याच्या चालीने जाऊ दे." मग आम्ही नुसते बसून राहिलो. कोणी पाणीही प्यायला उठलं नाही.

जेवणाची वेळ उलटून गेल्यावर आकडा हलला, ओळी संपल्या, नेहमीचा पडदा आला. आईने स्वतः माउस धरला आणि पहिला तुकडा उघडला. "अगं, इकडे बघ, इकडे, कॅमेऱ्यात बघ," असा त्याचा आवाज घरभर आला. तिने पुरतं ऐकलंही नाही. "आहे," म्हणाली, आणि वाळलेले कपडे घड्या करायला आत गेली. मला वाटलं होतं, रडेल. ती रडली नाही, आणि मला आनंदही फारसा झाला नाही. डॉक्टरने फिल्म जोडली, ती बिनतक्रार झाली, तो जेवून गेला आणि मी जरा आडवा झालो. आता उठून लिहितोय.

परवाचं राहिलेलं लिहायचं टाळत होतो. आता टाळत नाही.

आई कॅमेऱ्यामागे उभी राहून कोणाला तरी समजावत होती. पडद्यावर त्याच्या मांडीवर भिंगरी होती, कॅमेरा त्या दिवशी तुझ्याकडे असणार. आई म्हणत होती, "हे बघा, ही पालथी आहे ना, अशीच झोपते ती. उताणी केली की जागी होते. असं थोपटायचं. जोरात नाही, आणि मध्येच थांबायचं नाही. तुम्हाला वाटेल झोपली, पण झोपलेली नसते, लबाड आहे. बघा, आमचा बाळ कसं करतो. तुमचं नाव काही मला माहीत नाही. कळेल तेव्हा कळेल. आता मोठी झाली आहे, पण दचकून उठली तर अजून हेच लागतं तिला. आणि तिच्या आईवर रागावायचं झालं, तर तिच्यादेखत रागावू नका. ते तिला सोसत नाही. हां, आता हे दुधाचं..."

मी पायरीवर बसून राहिलो. चहाची वेळ गेली.

सूनबाई, मला माहीत होतं. गेल्या महिन्यात तू फोनवर बोलत असताना मागून एका माणसाने विचारलं, "चपला कुठे काढल्यास गं?" आणि भिंगरी फणकारली, "तिथेच आहेत, दिसत नाहीत का?" पाहुण्याशी पोरं गोड बोलतात. असं उर्मट उत्तर पोर घरच्याच माणसाला देतं. मी तेव्हाच समजलो, आणि तुझ्या सासूला लागेल म्हणून तिच्यापासून लपवत राहिलो. फोन वाजला की धावत जाऊन आधी मी घ्यायचा, हे त्यासाठीच.

त्या दिवशी आत गेल्यावर तिला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"तुम्हाला एकट्यालाच कान दिलेत का देवाने?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला सोसायचं नाही म्हणून."

म्हणजे आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी विचारलं, "राग नाही आला तुला?"

"आला होता," ती म्हणाली. "मग दमले. दमल्यावर राग धरवत नाही."

तू सांगितलं नाहीस, त्याबद्दल आमच्या दोघांच्या मनात काही नाही. कोणत्या तोंडाने सांगावं, याचं तुला किती ओझं झालं असेल, ते आम्हाला कळतं. चार वर्षं तू एकटीने काढलीस, नोकरी केलीस, पोर वाढवलीस. भिंगरीला चपला विचारणारा माणूस भेटला, बरं झालं. पूर्वी पत्रात चि. च्या पुढे मी सौ. लिहायचो. मग तिथे आलं की हात थांबायला लागला. तुझं ठरलं की कळव, मी पुन्हा लिहायला लागेन.

पण एक भीती आहे, ती तुझ्यापासून लपवत नाही. तू नव्या घरची झालीस, की भिंगरीला आजी-आजोबा नवे मिळतील. मिळू देत. तिने त्यांना जीव लावावा. मग आम्ही तिचे कोण? "आधीच्या बाबांचे आई-बाबा" असं लांबलचक नातं सहा वर्षांचं पोर किती दिवस लक्षात ठेवेल? हे मी आईशी बोललेलो नाही. तीही माझ्याशी बोललेली नाही. तू उत्तर देताना आमच्यावर दया करू नकोस. जे असेल ते सरळ लिही.

फिल्म तयार आहे, पण पाठवत नाही. एवढी मोठी फाइल एका सीडीवर मावत नाही. डॉक्टर म्हणाला, तुकडे करून पाठवू. मी म्हटलं, जोडायला एवढा जीव काढला आणि आता तुकडे? तुला हे कारण पटणार नाही, तू मला ओळखतेस. खरं कारण हे, की पाठवली तर तुम्ही ती तिकडेच पाहाल. इकडे येऊन पाहा. त्यांनाही घेऊन या. अवघडल्यासारखं होईल, पहिला दिवस सगळ्यांनाच होईल. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दुकान दाखवीन.

सोबत आईची कॅसेट पाठवतोय. चित्रावर काळे पट्टे वर-खाली पळतात, पडद्याचं शूटिंग केलं की असं होतं म्हणे. आवाज स्वच्छ आहे. ती तुझ्यासाठी नाही आणि भिंगरीसाठीही नाही. आईने स्वतः कागदात गुंडाळून दोरा बांधला, वर नाव घालायला पेन हातात घेतलं, ते परत ठेवलं आणि पाकीट माझ्याकडे सरकवलं. मी तसंच ठेवलंय. त्यावर नाव तेवढं तू लिहून त्यांना दे.

तुम्हा तिघांचा,
बाबा