पालथ्या दादाला गोल्फ

४ फेब्रुवारी

डोळा वाचेल. खेळायचं काय ते नंतर बघू. बस, डॉक्टर एवढंच बोलले! बाबा फिरवून फिरवून विचारत होते — "पण गोलकीपिंग करेल ना?" — आणि ते फिरवून फिरवून तेच. नंतर बघू.

क्लबने दादाला आत्ता कुठे मेन टीममध्ये घेतलं होतं. आणि आत्ताच जवळून मारलेला बॉल धाडकन डोळ्यावर. आतला पडदा सुटला. ऑपरेशन करून आत गॅसचा बुडबुडा भरलाय, तो पडदा दाबून धरतो म्हणे. म्हणून दादाने सतत पालथं पडायचं. तोंड खाली. टीव्ही नाही, फोन नाही.

मी बाथरूममध्ये नळ मोठा सोडून रडले.

५ फेब्रुवारी

ठरवलं — मी वाचून दाखवणार! माझं अख्खं कपाट फुटबॉलच्या पुस्तकांचं. प्लेअर्सची आत्मचरित्रं, कोच लोकांचे किस्से, सगळं. एका म्हाताऱ्या कीपरचं काढलं. दुसऱ्या पानावरच दादा — "बंद कर."

"अरे पुढे भारी आहे, हा पेनल्टीला —"

"फुटबॉल नको म्हटलं ना, टकळे."

टकळी काय! मी ही पुस्तकं वाचते कोणासाठी? दादा गोलच्या बारखाली एकटा उभा असतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालतं, ते कळावं म्हणून. जाऊ दे. दुखत असेल त्याला.

७ फेब्रुवारी

लायब्ररीत खेळाच्या शेल्फवर फुटबॉल नाही असं एकच जाडजूड पुस्तक. गोल्फ! एक पत्रकार वर्षभर गोल्फर्सबरोबर फिरलाय — पण जिंकणाऱ्या नाही, कायम मागे राहणाऱ्यांबरोबर. आम्हाला दोघांनाही गोल्फचा ग म्हणता ग येत नाही.

दादाचं तोंड पलंगाच्या कडेबाहेर, उश्यांवर. मी खाली फरशीवर उताणी, पुस्तक छातीवर. मधेच पानावर टपकन लाळ पडली!

"मी लाळ गाळतोय, तू गोल्फ वाचतेयस," दादा म्हणाला. "घराण्याची पार वाट लागली."

इतके हसलो! बाबा दारातून ऐकत होते. "म्हणजे गोट्याच की! गलीत घालायच्या. त्याला पुस्तक कशाला लागतं?" मग दादाच्या पाठीवर थाप — "लवकर उठा कीपरसाहेब, टीम खोळंबलीये."

त्यानंतर दादा हसला नाही. थकला असेल.

९ फेब्रुवारी

दादा म्हणे, "किती सभ्य खेळ आहे. बॉल आपला गपचूप बसून राहतो. अंगावर येत नाही."

१२ फेब्रुवारी

आज काय झालं ते धड लिहिताही येत नाहीये.

एके काळी मोठ्या असलेल्या एका गोल्फरचं प्रकरण होतं. एक दिवस अचानक त्याचे हात ऐकेनासे झाले. लांबचे शॉट्स मस्त — आणि अगदी हातभर अंतरावरून बॉल होलमध्ये ढकलायचा तर मनगटाला झटका! डॉक्टर झाले, औषधं झाली. हाताला काहीच झालेलं नव्हतं. भीती होती. आणि हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"परत वाच," दादा म्हणाला.

वाचलं.

"परत."

मग वरून थेंब पडला. या वेळी लाळ नव्हती.

"मला होतं हे," तो म्हणाला. "दोन सीझन झाले. बाजूने गोलसमोर उंच क्रॉस आला की पाय जागचे हलत नाहीत. त्या दिवशी पण पुढे यायला हवं होतं मी. नाही आलो. नुसता बघत राहिलो बॉलकडे."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? बाबांना?" जरा थांबून — "आता सुटलो, टकळे. डोळ्यावर ढकलता येईल सगळं. कोणाला काही सांगावं लागणार नाही."

मी काही बोललेच नाही. मी! टकळी!

१३ फेब्रुवारी

प्रत्येक मॅचच्या आधी तो उलटी करायचा. मला वाटायचं, जोश! कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की मोठ्या प्लेअर्सना होतंच असं. मीच टाळी देऊन सांगितलं होतं त्याला — "तू पण त्यांच्यातलाच!"

जगातले सगळे फुटबॉलर मला पाठ. शेजारच्या खोलीतला सोडून.

१६ फेब्रुवारी

आई देवाजवळ हात जोडून उभी — "पोराचं खेळणं जाऊ देऊ नकोस." मी पण शेजारी उभी राहिले. काय मागू तेच कळेना. त्याचा खेळ जावा असं मागायचं? मला किती हवा होता तो गोलमध्ये!

दादाला म्हटलं, मी सांगते बाबांना. तो म्हणाला, "खबरदार. डॉक्टर नाही म्हणतील ना, मग झालंच." शप्पथ घातली. गप्प बसले.

२१ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, पडदा छान बसलाय. पुढच्या सीझनला बिनधास्त खेळ. बाबांनी डॉक्टरांना मिठीच मारली. दादाला रडू फुटलं, थांबेचना. नर्स मला म्हणाली, "केवढा आनंद झालाय बघ भावाला!"

मी म्हटलं, हो ना.