यानातलं शिलाई मशीन

प्रिय वहिनी,

म्हणजे या खेपेलाही परत! दादाला बँकेत पिटाळलंस, रांगेत उभं केलंस आणि मी पाठवलेले पैसे जसेच्या तसे माझ्या माथी मारलेस. वर फोनवर तेच पालुपद, गोळ्या झाडायच्या खेळाचा पैसा या घरात नको. अगं, त्या गोळ्या खऱ्या नाहीत, मरणारे प्राणी खरे नाहीत, ते मरतात तो ग्रहसुद्धा आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तिघांनी रंगवलाय. खरी आहे ती फक्त माझी पाठदुखी. पण तुझ्याशी फोनवर भांडून उपयोग नाही. तू मशीन थांबवत नाहीस आणि मी तोंड उघडलं की नेमकी लांब शिवण घ्यायला लागतेस. म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे. कागदावर तरी तुला मधे बोलता येणार नाही.

आमचा कॉम्प्युटरवरचा खेळ गेल्या शुक्रवारी बाजारात आला. माझं काम तुला मी कधी धड सांगितलंच नाही. खेळात एक शिपाई आहे, एकटाच, परक्या ग्रहावर मोडक्या यानात अडकलेला. अंधारे बोळ, भिंतीतून निघणारे आठ पायांचे प्राणी आणि त्याच्या हातात बंदूक. लोकांनी तो खेळ खेळायचा, मी मोडायचा. प्रत्येक भिंतीवर धडकायचं, शिडी उलटी चढायची, उघडू नये ते दार आधी उघडायचं, कुठे जमिनीतून आरपार पडतो का बघायचं. चूक सापडली की कळवायची. त्यांनी दुरुस्त केली की परत तिथेच जाऊन डोकं आपटायचं. तू म्हणशील, हे तर इथे फुकट करत होतास. तेच तर! गॅरेज, बेकरी, गोदाम, कुठेही मी टिकलो नाही. सगळे म्हणायचे, याच्या बुडाला चाकं आहेत. इथे त्या चाकांचाच पगार मिळतो. साहेब मला भिंगरीच म्हणतात. तू ठेवलेलं नाव मीच त्यांना सांगितलं, दुसरं कुठलं मला चिकटतच नाही.

आता त्या काळ्या डबीचं सांगतो. गेल्या वर्षी पार्सलने पाठवली होती ती. मशीनशेजारी ठेव, बटण दाब आणि दिवसभर नेहमीसारखी शिवत बस, का ते विचारू नकोस, असं म्हटलं होतं. तू म्हणालीस, पोराचं डोकं फिरलं. तरी डबीखाली घडी घातलेलं फडकं ठेवलंस, तिला हादरे बसू नयेत म्हणून. डबीत आवाज भरून घ्यायची सोय होती, वहिनी. यानाच्या इंजिनाचा आवाज कुणाला जमत नव्हता. आवाजाचं काम एका बाईकडे आहे, तिला आम्ही आवाजवालीच म्हणतो. तिने पंप ऐकले, पंखे ऐकले, बोटीची इंजिनं ऐकली. सगळे दणदणीत, पण एकातही जीव नाही. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तुझा फोन आला. मी स्पीकरवर टाकून जेवत होतो, तू मला झापत होतीस. आवाजवाली ताट घेऊन शेजारी येऊन बसली. तिला तुझी भाषा ओ की ठो कळत नाही. म्हणाली, हे मागे काय चाललंय? मी म्हटलं, शिलाई मशीन, पायाचं.

आणि मग का कोण जाणे, तिला सांगून बसलो. आई गेल्यावर दादाने मला तुमच्याकडे आणलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि झोपायचोच नाही. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दुसरी असती तर म्हणाली असती, हे कुठलं लोढणं गळ्यात बांधलं. तू माझी गोधडी उचललीस आणि मशीनच्या पायाशी अंथरलीस. तुझा पाय हलतोय तोवर मला कसलीच भीती वाटायची नाही. थांबला की माझे डोळे टक्क उघडे. आवाजवालीने ते जाऊन साहेबांना सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो खेळाचा नियम झाला. यानाचं इंजिन चालू आहे तोवर एकही प्राणी जवळ येत नाही.

तर आता जगभर लोक तुझं मशीन ऐकतायत. दोरा तुटला की तू च्च करतेस ना, तेही आवाजवालीने काढू दिलं नाही. यान अडखळतं, दिवे जातात, सगळे प्राणी सरसावतात, मग अंधारात च्च! आणि इंजिन पुन्हा धडधडायला लागतं. लोक विचारतात, हे इंजिन आमच्यावर रागावतं का? मी मनात म्हणतो, मग, सोडते की काय! एकाने लिहिलंय, तो कामावरून आला की खेळ लावतो, शिपायाला इंजिनाजवळ उभं करतो आणि एकही गोळी न झाडता नुसता ऐकत बसतो. आता बोल, गोळ्यांच्या खेळाला नावं ठेवणारे! खेळाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतात. साहेबांनी विचारलं, इंजिनाच्या आवाजापुढे काय लिहू? मी म्हटलं, वहिनी. त्यांना वाटतं, तुझं नावच ते आहे.

पण डबीने नुसतं मशीन ऐकलं नव्हतं. चांगले तुकडे निवडायला आवाजवालीने मला बसवलं, म्हणून मला सगळं ऐकावं लागलं. शेजारच्या काकूंच्या नातीला तू घडोघडी हाक मारत होतीस, सुई ओवून दे गं. आणि मला फोनवर सांगतेस, डोळे ठणठणीत आहेत. मग काकूंनी विचारलं, पोरगं एवढं पाठवतंय, तर घेत का नाहीस? तेव्हा मशीन थांबलं. तू म्हणालीस, घेतले की त्याला वाटेल फिटलं. मग कशाला येतोय तो? माझं काहीतरी त्याच्याकडे राहू दे. मग तू मशीन पुन्हा चालू केलंस. तो तुकडा मी कुणाला दिला नाही. वहिनी, ते फिटणारं नाही. माझ्या पगारातले पैसे खुशाल परत पाठवत राहा, पण या कारणाने नको. सुट्टी मिळालीय, तिकीट काढलंय, एकोणीस तारखेला दारात उभा आहे. गोधडी मशीनच्या पायाशीच टाक, पाय बाहेर आले तरी चालतील. सोबत पाठवतोय ते पैसे मात्र माझे नाहीत. खेळ बाजारात आला तशी कंपनीने इंजिनाच्या आवाजाची बिदागी दिली, तुझ्या पायाची आणि तुझ्या च्चची. परत करायचीच असेल तर मला नाही, साहेबांना करावी लागेल, आणि त्यांना झापायला तुला त्यांची भाषा येत नाही. तेव्हा मुकाट्याने आधी चष्मा कर.

तुझाच,
भिंगरी

आकडा लिहायचा राहिलाच. तुझी कमाई आहे, तुला ठाऊक हवी. अठरा हजार चारशे.