चोरखिसा

मंगळवार, संध्याकाळ

नर्सिंग कॉलेजच्या मुली आज गणवेशाची मापं द्यायला दुकानात आल्या. अंजनवेलची मानसी मागे रेंगाळली. उन्हाळ्यातच लग्न झालंय तिचं.

"काका, आतून एक चोरखिसा लावाल? गळ्यात काही दिसलं की मॅडम वॉर्डातून परत पाठवतात. ड्युटीचे तास बुडले की परीक्षेला बसू देत नाहीत. आणि सासूबाई म्हणतात, मंगळसूत्र अंगावेगळं करायचं नाही!"

चोरखिसा. मला हसूच आलं. पहिला मी सुलभासाठी शिवला होता, भाड्याच्या मशीनवर. तेव्हा लग्न झालेल्या मुलींना नर्सिंग शिकताच येत नसे. आम्ही तिच्या दुसऱ्या वर्षाला गुपचूप लग्न केलं. कळलं असतं तर तिचं शिक्षण तिथेच संपलं असतं. मंगळसूत्र खिशात, डावीकडे, काळजाशी. माझीच हौस.

मानसीचा गणवेश आजच शिवायला घेतला, तिचाही खिसा डावीकडेच लावला, आणि घरी येऊन सुलभाला ऐटीत सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"उसवा तो. उजवीकडे लावा. बाळाला डावीकडे धरतात, त्याला टोचतं."

"तुला काय ठाऊक?"

"अहो, शिंपी तुम्ही, सिस्टर मी. दीड वर्ष खिशावर तळहात ठेवून बाळं धरली."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"इतक्या हौसेनं शिवला होतात."

तिखट कानांचा म्हणून गावभर मिरवतो मी. आणि हे कधी ऐकू आलं नाही?

उद्या दुकान उघडल्यावर आधी तो खिसा उसवायचा.