मांजरीचं पथ्य

आत्याबाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. घरात तुमची आठवण निघते, नाही असं नाही, पण तुमच्या नातवंडांना तुमच्याबद्दल एकच गोष्ट माहीत आहे: आमच्या आजीने मांजरीसाठी मासे शिजवले. एवढं सांगतात आणि हसतात. पाहुण्यांनाही सांगतात, पाहुणेही हसतात. मला ते आवडत नाही. मी तिथे होते, मी सगळं पाहिलंय, आणि त्यात हसण्यासारखं फार थोडं होतं. म्हणून आज दुपारी सगळे झोपले असताना लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन आले त्या वेळी दुसरी लढाई चालू होती. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. सासू म्हणून तुमच्याबद्दल मला एकच भावना होती, भीतीची. तुम्ही कमी बोलायच्या. मामंजी जाऊन सहा वर्षं झालेली, शेत तुम्ही आणि हे मिळून बघायचे, आणि दादर ज्वारीची कोठी, कपाशीची खोली सगळं तुमच्या नजरेखाली. त्या कोठीची राखण करायची ती करडी मांजर. तिला नाव नव्हतं. तुम्ही तिला कधी कुरवाळलेलं मी पाहिलं नाही. रोज सकाळी दुधात भाकरी कुस्करून वाटी सरकवायची आणि म्हणायचं, "खाय आनि कामले लाग." ती खायची आणि कामाला लागायची. तुमचं आणि तिचं तेवढंच नातं होतं, असं मला वाटायचं.

संक्रांतीनंतरची गोष्ट. मांजर गुरांच्या हौदावर जाऊन पाणी प्यायला लागली. सारखी प्यायची. वाटी चाटूनपुसून साफ करायची, वर आणखी मागायची, आणि तरी तिच्या पाठीचा कणा वर येत चालला होता. मग तिचे मागचे पाय बसले. मांजर चवड्यांवर चालते. ही टाचा टेकून, घसरत घसरत चालायला लागली. कोठीवर उडी मारायला गेली आणि खाली पडली. मी म्हटलं, म्हातारी झाली असेल. दुसऱ्या दिवशी चुलीमागच्या राखेपाशी तुम्ही वाकून बसलेल्या मला दिसता. अजून दिसता. पदर खोचलेला, एक हात गुडघ्यावर. मला हाक मारता. "दख," तुम्ही म्हणता, "मुंग्या लागी ऱ्हायन्यात." मांजरीने राखेत जिथे ओलं केलं होतं तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. "तुन्हा सासराले बी असंच व्हतं," तुम्ही म्हणालात, आणि उठून हात धुवायला गेलात.

मामंजी साखरेच्या आजाराने गेले, पायाची जखम भरली नाही, एवढं मला माहेरीच कळलं होतं. पण हा आजार मांजरीला होतो हे मी कधी ऐकलं नव्हतं. यांनीही ऐकलं नव्हतं. तुम्ही गाडी जुंपायला सांगितलीत तेव्हा हे म्हणाले, "मांजरले कोन दवाखानामा लई जास?" तुम्ही म्हणालात, "मी लई जासू." तुम्ही राख काढून तिथे कोरडी परात ठेवलेली होती. परातीतलं बाटलीत भरलंत, मांजर टोपलीत घालून वर फडकं बांधलंत आणि मला सोबत घेतलंत. नंदुरबारपर्यंत टोपली तुमच्या मांडीवर होती. वाटेत चार ठिकाणी लोकांनी विचारलं की टोपलीत काय आहे. तुम्ही चारही वेळा खरं सांगितलंत.

गुरांचे डॉक्टर देशावरचे होते, तरुण होते. बैलांच्या गर्दीत टोपली बघून हसले. म्हणाले, "बाई, हा गुराढोरांचा दवाखाना आहे." तुम्ही म्हणालात, "मंग ही काय मानूस शे?" त्यांचं हसू थांबलं. बाटलीतली गोष्ट मी त्यांना समजावून सांगितली, कारण त्यांना तुमची बोली नीट कळत नव्हती. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात आपल्या बाटलीतले थेंब सोडले आणि नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी विटेसारखं लाल. डॉक्टर बराच वेळ नळीकडे बघत राहिले. म्हणाले, पुस्तकात वाचलं होतं, मांजरीत पहिल्यांदाच बघतोय. सुईने द्यायचं औषध निघालंय, पण ते मुंबईहून येतं, बर्फात ठेवावं लागतं, आणि लढाईत ते माणसांनाच मिळेना. मांजरीला किती द्यायचं हेही कुणाला ठाऊक नाही. "तिला झोपवून टाकतो, त्रास होणार नाही," ते म्हणाले. मी ते तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "दुसरं काय करता येस ते इचार." मी विचारलं. ते म्हणाले, दूध बंद, भाकरी बंद, भात बंद. नुसता मासा किंवा मटण. मांजर मुळात तेच खाणारं जनावर. जगलीच तर त्यावर जगेल. हे बोलताना त्यांची नजर तुमच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेली.

आपल्या घरात त्या दिवसापर्यंत अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. परतताना गाडीत मी मनात म्हटलं, संपलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तापीवर गेलात, मला घेऊन. भोईण जाळ्यातून मासळी काढत बसली होती. तुम्हाला बघून ती उभीच राहिली. "माय, तू? मासा? कोनले?" "मन्ही मांजरले," तुम्ही म्हणालात. ती आधी हसली, मग तुमचं तोंड बघून हसू आवरलं. मासा कसा धरायचा, कसा साफ करायचा हे तिने तुम्हाला तिथेच वाळूवर बसून शिकवलं. "काटा काढी दे, नहीते गयामा अटकी," ती म्हणाली. तुम्ही पहिला मासा हातात घेतलात तेव्हा डोळे मिटले होते. दुसरा घेतलात तेव्हा उघडे होते.

गोठ्यामागे तीन दगडांची चूल मांडलीत. वेगळं मडकं, वेगळी पळी. रोज दोन वेळा तिथे मासा उकडायचा, निववायचा, काटे काढायचे, मांजरीला समोर बसवून खाऊ घालायचं आणि मग विहिरीवर आंघोळ करून घरात यायचं. माघाची थंडी होती. दोन-दोन वेळा थंड पाण्याने आंघोळ करताना तुमचे दात वाजलेले मी ऐकले आहेत. मी म्हटलं, आत्याबाई, एका वेळचं मी करते. तुम्ही म्हणालात, "तू नको. उद्या कोनी बोलनं ते मले बोलू दे." मांजरीला तुम्ही गोठ्याच्या खांबाला मऊ दोरीने बांधून ठेवलंत, चोरून भाकरी खाऊ नये म्हणून, आणि शेजारी राख पसरलीत. आणि रोज सकाळी राखेपाशी जाऊन बसायचं, मुंग्या येतात का बघायला. येत होत्या.

लोक बोललेच. भाऊबंदांतले दोन मोठे ओट्यावर येऊन बसले. "वहिनी, तुमना घरमा मासा शिजस, आसं गावमा बोली ऱ्हायनात." तुम्ही उंबऱ्याच्या आतून म्हणालात, "घरमा नही. गोठामागे शिजस." ते म्हणाले, लोक तुमच्याकडचं पाणी पिणार नाहीत. मला वाटलं आता तुम्ही नमाल. तुम्ही म्हणालात, "मांजरले मी काय धरम शिकाडू? ती मन्हा भरोसावर शे." त्यानंतर खरोखरच कुणी पाणी प्यायला आलं नाही. यांनी आठ दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही त्यांचं ताट रोजच्यासारखंच वाढलंत.

आता माझी चूक. मांजर दोरीला बांधलेली, दिवसभर ओरडायची. मला ते ऐकवेना. एका दुपारी तुम्ही शेतात होतात, मी वाटीभर दूध तिच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ठेवलं. तिसऱ्या दिवशी तुम्ही लवकर परतलात. मी वाटी पदराखाली लपवली, पण मांजरीच्या मिशांना दूध लागलेलं होतं. तुम्ही ओरडाल, हात उगाराल, असं वाटून मी भिंतीला चिकटले. तुम्ही खाली बसलात. मांजरीचं तोंड पदराने पुसलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुले दया उनी. मले बी यायची." मग सांगितलंत, की मामंजी अखेरच्या वर्षात गूळ मागायचे, लहान मुलासारखं मागायचे, आणि वैद्याने बजावलेलं असूनही तुम्ही द्यायच्या. "त्यासले मी कधी नही म्हनी शकनू नही." त्यानंतर माझ्याकडे वळून म्हणालात, "दया करनी व्हई ते पुरी कर, अर्धी नको." सासू म्हणून तुम्ही मला त्यानंतर पुष्कळदा रागावलात, पण मनाला लागलं ते एवढंच. मी पुन्हा दूध ठेवलं नाही. मुंग्या मात्र त्यानंतर कितीतरी दिवस येत राहिल्या, आणि दर सकाळी मला तोंड वर करवत नसे.

त्या वर्षी वैशाखातल्या आखाजीच्या सणाला अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. दरवर्षी गल्लीतल्या पोरी, माहेरवाशिणी आपल्याकडे झोक्यावर यायच्या. त्या वर्षी एकही आली नाही. माझी आई गेल्यापासून माझं माहेर बंदच झालं होतं, त्यामुळे मी तिथेच. दुसऱ्या गल्लीतली गाणी ऐकू येत होती. तुम्ही गोठ्यामागून आलात, ओल्या केसांनी, आणि म्हणालात, "बठ. मी झुलाडस." मी बसले. तुम्ही मला झोके दिलेत, उंच, निंबाच्या फांदीला पाय लागेपर्यंत. गाणंही म्हटलंत. तुमचा आवाज बेसूर होता आणि शब्द तुम्ही मधूनमधून विसरत होतात. त्या दिवसापासून मला तुमची भीती वाटली नाही.

आषाढात तापीला पूर आला. भोयांच्या नावा काठावर ओढल्या गेल्या. तीन दिवस मासा नाही. मांजर उपाशी, तुम्हीही नीट जेवत नव्हतात. भाकरी दिली तर सगळं केलेलं वाया जाणार, नाही दिली तर ती मरणार. चौथ्या दिवशी हे बाजाराहून आले. चिखलाने भरलेले, छत्री मोडलेली. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी पळसाच्या पानांचं पुडकं ठेवलं आणि पाय धुवायला गेले. वासावरूनच कळलं. सुरतेकडून आगगाडीने येणारे सुके बोंबील होते. तुम्ही ते दोनदा पाण्यात भिजवून त्यांचं मीठ काढलंत. रात्री यांना वाढताना तुम्ही तुपाची धार जरा जास्तच धरलीत. तुमच्यात आणि यांच्यात त्यावर बोलणं झालं नाही, पण पुढे प्रत्येक बाजारी ते पुडकं भिंतीवर असायचं.

श्रावण संपता संपता एक दिवस राखेपाशी मुंग्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशीही नव्हत्या. तुम्ही कुणाला सांगू दिलं नाहीत. पंधरा दिवसांनी मांजर चवड्यांवर चालायला लागली, आणि घट बसले त्या दिवशी तिने कोठीवर उडी मारली. आपण पुन्हा टोपली घेऊन नंदुरबारला गेलो. डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली. निळं होतं, निळंच राहिलं. त्यांनी दुसरी नळी घेऊन पुन्हा केलं. मग ते उठले, स्वतःची खुर्ची ओढून तुमच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बसा, आणि कसं केलंत ते सांगा." तुम्ही आयुष्यात खुर्चीवर बसला नव्हतात. कडेवर बसलात, पाय जमिनीला टेकेनात, टोपली मांडीवर घट्ट धरलेली. तुम्ही सांगत होतात, मी त्यांच्या भाषेत सांगत होते, आणि ते वहीत लिहून घेत होते. भोईणीने काय शिकवलं तेही लिहून घेतलं.

मांजर त्यानंतर चार वर्षं जगली. पथ्य तुम्ही एक दिवस सोडलं नाहीत. लोक हळूहळू पाणी प्यायला येऊ लागले. तुम्ही त्यांना काही ऐकवलं नाहीत, तांब्या पुढे केलात. एका हिवाळ्यात तुम्हाला ताप भरला, उठवेना, तेव्हा फक्त चार दिवस ती चूल तुम्ही माझ्या हाती दिलीत. खाटेवरूनच विचारायच्या, काटे काढलेस का, निवलं का, आंघोळ केलीस का. मी सगळ्याला हो म्हणायची. तिन्ही गोष्टी मी करत होते.

आत्याबाई, त्या चार दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी काटे काढता काढता मी एक तुकडा तोंडात टाकला. का, ते आजही सांगता येणार नाही. मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, नुसता उकडलेला मासा. मला तो आवडला. मी आणखी एक तुकडा खाल्ला, मग विहिरीवर जाऊन दोनदा आंघोळ केली. हे यांना कधी कळलं नाही, मुलांना नाही, कुणालाच नाही. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. तुम्ही असतात तर हे पत्र मलाच तुम्हाला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि वाचताना एवढं मी गाळलं असतं.