आईने भरलेली चिमणी

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी मागितलेली आईची चौकट पोचली, काच शाबूत. कचेरीत खुर्चीसमोर लावली. वर निळ्या दोऱ्याचा उघडा डोळा, खाली चिमणी. सून म्हणते, चिमणी कोंबडीसारखी दिसते. आईचं भरतकाम यथातथाच.

पण ताई, हा डोळा पिच्छा सोडत नाही. खुर्ची खिडकीकडे हलवली, तर तिथेही आलाच. लोखंडी कांब कानाला लावून लिफ्टचं दुखणं सांगणारा म्हणून लोक मला ओळखतात. त्याच कानांत आठ दिवस एक आवाज आहे. तारेच्या दोराचा एक पदर तुटून चाकावर घासावा, तसा. भरदुपारी, सगळी यंत्रं बंद असताना. कारागीर म्हणतात, घड्याळ असेल. कचेरीत घड्याळ नाही.

आईने ही चौकट कधी भरली, आठवतं का? गुडघ्यांना तेल देत जा. यंत्राला लागतं, तर तुला का नाही?

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा भाऊ


ता. ११ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद.

गुडघ्यांची चेष्टा पोचली. एवढा धंदा उभा केलास आणि कोंबडीला घाबरतोस!

पंचवीस वर्षांपूर्वी गोदामाची लिफ्ट कोसळून पहारेकऱ्याचा पाय गेला, त्या आठवड्यात आईने ती भरली. तपासणीच्या कार्डावर तुझ्या कामावरच्या जोडीदाराची सही निघाली, त्याला काढून टाकलं. पण लिफ्ट कोसळली त्याच्या आदल्या सकाळी तू आईला सांगून निघाला होतास, की जोडीदार तापाने फणफणलाय, त्याच्या पाळीला मी जातो. तुम्ही एकमेकांच्या सह्या ठोकता, हेही तिला माहीत होतं.

तुला ती काही बोलली नाही. मला म्हणाली, नुसता देवाचा डोळा भरला तर हा लपायला बघेल, आणि त्याच्यापासून लपणार कुठे? समुद्राच्या तळाशी गेला तरी तो आधीच तिथे. म्हणून चिमणी भरली. खाली पडणाऱ्या चिमणीचीही त्याला खबर असते, काळजी असते. भाऊ मागेल तेव्हाच चौकट दे, म्हणाली.

तू तो आवाज तेव्हा ऐकला होतास का, हे मी विचारत नाही.

माझी माया आटायची नाही, तुझीही आटू देऊ नकोस.

ताई


ता. २० फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

ऐकला होता. कांब टेकवताच ऐकला. दोर बदलायचा तर दिवस मोडला असता, आणि संध्याकाळी माझ्या पहिल्या स्वतंत्र कामाची बोलणी होती. कार्डावर ‘ठीक’ लिहिलं, जोडीदाराची सही ठोकली. आजचा धंदा त्या बोलण्यांवर उभा आहे.

काल जोडीदाराकडे गेलो. जिन्याखालच्या खोलीत शिवणयंत्रं दुरुस्त करतो. कानाने पार गेलाय. तीनदा हळू सांगितलं, तीनदा त्याने कानामागे हात धरला. शेवटी ओरडून सांगावं लागलं, की सही मी केली, आवाज मी ऐकला होता. वरची दारं उघडली, सगळा जिना ऐकत उभा.

तो म्हणाला, बोंबलतोस कशाला, मला माहीतच होतं. बोललो असतो तर दोघांचीही नोकरी गेली असती. पहिली दहा वर्षं दर रविवारी तुझी वाट बघितली, मग सोडून दिलं. एवढं बोलून त्याने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं.

पहारेकऱ्याचा पत्ता त्यानेच दिला. उद्या जातो. तिथे कुणी स्टूल देईल असं वाटत नाही.

आवाज अजून आहे, ताई. पण खुर्ची मी पुन्हा चौकटीसमोर आणून ठेवली आहे.

दोन ओळी लिही. मायेत ठेव.

तुझा भाऊ